‘डॉक्टर हू’मधील बारीकसारीक विसंगती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

(सूचना : उत्तरांमध्ये मालिकेतील अनेक रहस्ये उघड केलेली आहेत. २०२५पर्यंतचे भाग पाहिलेले नसल्यास हे लक्षात घेऊन पुढे वाचावे.)

१. एकाच मालिकेत इतक्या विसंगती कशा काय साचल्या?

‘डॉक्टर’ नावाच्या परग्रहवासी कालप्रवाशाची ‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली, डिसेंबर १९८९मध्ये बंद पडली, १९९६ साली एका दूरचित्रपटापुरती डोकावून गेली आणि २६ मार्च २००५पासून पुन्हा नव्या जोमाने येऊ लागली. एवढ्या काळात निर्माते बदलले, लेखक बदलले, डॉक्टरची भूमिका करणारे कलावंत बदलले (त्या क्रमाने त्यांना पहिला, दुसरा, तिसरा डॉक्टर असे म्हणतात). आणि आधीच्या मंडळींनी काय लिहून ठेवले आहे याची बाडे चाळण्याइतकी सवड प्रत्येकाला होतीच असे नाही. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. त्यांतले नव्वदहून अधिक भाग आज उपलब्ध नाहीत, कारण त्या काळी चित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या जात आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही काम संपले की नष्ट केल्या जात. प्रेक्षकांकडेही भाग साठवून ठेवण्याचे साधन नव्हते. एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोणी पाहणार नाही, ही तेव्हाची रास्त समजूत होती. १९६८ सालच्या एका वाक्याशी १९८३ सालचे वाक्य ताडून पाहणारा प्रेक्षक पुढे जन्माला येईल, हे लेखकांच्या गावीही नव्हते.

२. मग अशा वादांचा अधिकृत निकाल कोण देते?

कोणीही देत नाही. मालिकेतील कोणती गोष्ट ‘खरी’ धरायची आणि कोणती नाही, याची यादी बीबीसीने कधीही ठरवून दिलेली नाही. मालिकेच्या आधाराने निघालेल्या कादंबऱ्या, श्राव्यनाट्ये आणि चित्रकथा यांचा पसारा मालिकेहूनही मोठा आहे, आणि त्या परस्परांशी जुळतातच असेही नाही.

या पानावरील उत्तरांपुरता एक दंडक पाळला आहे. पडद्यावर जे घडताना दिसले ते सर्वांत वजनदार. पडद्यावर जे कोणी नुसते बोलले ते त्याखालोखाल. आणि पडद्याबाहेर जे छापले वा सांगितले गेले ते शेवटी. याचे कारण सोपे आहे. पात्र खोटे बोलू शकते, विसरू शकते, फुशारकी मारू शकते. आणि या मालिकेचा नायक या तिन्ही बाबतींत तरबेज आहे.

३. निव्वळ चूक कोणती आणि हेतुपूर्वक पेरलेला धागा कोणता, हे कसे ओळखावे?

आधीच ओळखता येत नाही, हे प्रामाणिक उत्तर आहे. २०१० सालच्या एकाच हंगामातील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत.

‘फ्लेश अँड स्टोन’ या भागात ‘अश्रू ढाळणारे देवदूत’ हे दगडी पुतळ्यांसारखे शत्रू डॉक्टरचा कोट मागून धरतात. तो कोट तसाच त्यांच्या हाती सोडून निसटतो आणि पुढचा सारा वेळ सदऱ्यावर वावरतो. थोड्या वेळाने जंगलात त्याची सहप्रवासी एमी पाँड डोळे घट्ट मिटून बसलेली असते, कारण डोळे उघडले तर तिचा मृत्यू ठरलेला आहे. डॉक्टर तिचा निरोप घेऊन निघून जातो, आणि दुसऱ्याच क्षणी परत येऊन तिच्या अगदी जवळ बसतो. तिने आपल्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे, ती सात वर्षांची असताना आपण काय सांगितले होते ते तिने आठवले पाहिजे, असे तो विलक्षण गंभीरपणे सांगतो. या काही क्षणांत त्याच्या अंगावर कोट आहे. त्या आठवड्यात अनेकांनी ही वेशभूषेतली ढिलाई म्हणून नोंदवली. काहींना मात्र त्याचा स्वरही आधीच्या वाक्यांशी न जुळणारा वाटला होता. २६ जूनच्या ‘द बिग बँग’मध्ये उलगडा झाला : तो डॉक्टर नंतरच्या काळातला होता, स्वतःच्या आयुष्यातून उलट्या दिशेने जाताना त्या जंगलात क्षणभर थांबला होता.

आता दुसरे उदाहरण. त्याच हंगामाच्या पहिल्या भागात, ‘द इलेव्हन्थ अवर’मध्ये, रोरी या परिचारकाच्या छातीवरील ओळखपत्रावर १९९० सालच्या नोव्हेंबरमधील तारीख आहे. हाच रोरी मोबाइलवर छायाचित्रे टिपत फिरतो, आणि कथेतला काळ उघडच एकविसाव्या शतकातला आहे. कोटाचे कोडे सुटल्यावर ओळखपत्रामागेही काहीतरी मोठे असणार, अशी अटकळ जोर धरू लागली. काळाच्या भिंतीला पडलेल्या भेगेतून रोरीची वीस वर्षे गळून गेली, इथपर्यंत तर्क गेले. त्या तारखेचे पुढे काहीही झाले नाही. नेपथ्यातील वस्तू बनवणाऱ्याच्या हातून झालेली ती साधी चूक होती.

दोहोंत फरक करायचा झाल्यास इतकेच म्हणता येईल की, खऱ्या धाग्याच्या आसपास सहसा आणखी काहीतरी वेगळे असते : अभिनयाचा सूर, चित्रचौकट, संवादाला आलेले वजन. ओळखपत्राभोवती असे काहीच नव्हते.

४. ‘युनिट’च्या कथा नेमक्या कोणत्या वर्षी घडतात?

सर्वाधिक विचारला जाणारा, सर्वांत जुना आणि भल्याभल्यांना चकवणारा हा प्रश्न आहे.

‘युनिट’ ही परग्रहावरील संकटांना तोंड देणारी लष्करी संघटना आहे आणि ब्रिगेडियर लेथब्रिज-स्टुअर्ट हे तिच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख. १९६८ सालच्या ‘द वेब ऑफ फिअर’मध्ये ते प्रथम भेटतात, तेव्हा ते कर्नल असतात. या कथेत प्राध्यापक ट्रॅव्हर्स यांची तिबेटमधील मोहीम १९३५ साली झाल्याचे आणि तिला चाळीसहून अधिक वर्षे लोटल्याचे सांगितले आहे. म्हणजे कथा १९७५नंतरची. त्याच वर्षीच्या ‘द इन्व्हेजन’मध्ये ब्रिगेडियर सांगतात की, भुयारी रेल्वेतील त्या प्रकाराला, म्हणजे ‘द वेब ऑफ फिअर’मधील घटनांना, चार वर्षे होऊन गेली असतील. म्हणजे साधारण १९७९. इथवर सारे सुसंगत आहे : लेखकांना या कथा नजीकच्या भविष्यकाळात घडवायच्या होत्या.

सत्तरच्या दशकात जॉन पर्ट्वी यांचा तिसरा डॉक्टर पृथ्वीवर हद्दपार झाला आणि ‘युनिट’च्या कथा नियमित येऊ लागल्या, तेव्हाही हे भविष्यकाळाचे भान अधूनमधून दिसते. ‘द डीमन्स’मध्ये, म्हणजे १९७१ साली, बीबीसी-३ ही वाहिनी पडद्यावर आहे, प्रत्यक्षात त्या नावाची दूरचित्रवाहिनी यायला २००३ साल उजाडले. ‘द ग्रीन डेथ’मध्ये ब्रिगेडियर फोनवर पंतप्रधानांना ‘जेरेमी’ म्हणतात. तो तत्कालीन लिबरल नेते जेरेमी थॉर्प यांच्यावरचा विनोद होता. १९७५च्या ‘टेरर ऑफ द झायगॉन्स’मध्ये तर ते पंतप्रधानांना ‘मॅडम’ असे संबोधतात, आणि मार्गारेट थॅचर त्या पदावर आल्या १९७९मध्ये. दुसरीकडे गाड्या, कपडे, केशरचना आणि कचेऱ्यांतले फोन मात्र चित्रीकरणाच्या वर्षाचेच आहेत, त्यामुळे डोळ्यांना जे दिसते ते कानांना पटत नाही.

याच सुमारास ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’मध्ये डॉक्टरची सहप्रवासी सेरा जेन स्मिथ स्पष्ट सांगते की, ती १९८० सालची आहे. हा काही ओझरता उल्लेख नव्हे. १९११ साली सुतेख या खलनायकाला रोखले नाही तर काय होईल हे दाखवण्यासाठी डॉक्टर तिला तिच्याच १९८० सालात नेतो, आणि तिथे उजाड पृथ्वी दिसते. संपूर्ण प्रसंगाचा आधारच ते वर्ष आहे, त्यामुळे ते झटकून टाकता येत नाही.

सारी घडी विस्कटली ती १९८३च्या ‘मॉड्रिन अनडेड’ने. त्यात ब्रिगेडियर १९७६ सालीच निवृत्त होऊन मुलांच्या एका शाळेत गणित शिकवत आहेत, आणि कथेचा अर्धा भाग १९७७ सालच्या राणीच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवसांत घडतो. मग १९८० सालच्या सेरा जेनबरोबर काम करणारे ब्रिगेडियर कोण? ही कथा मुळात पहिल्या डॉक्टरचा सहप्रवासी इयन चेस्टरटन याच्यासाठी योजली होती. तो शिक्षकच होता, त्यामुळे शाळा त्याला शोभली असती. अभिनेता उपलब्ध न झाल्याने भूमिका शेवटी ब्रिगेडियरकडे आली, आणि तारखांचा घोळ तिच्यासोबत आला.

चाहत्यांनी यावर नाना तऱ्हेचे तोडगे काढले आहेत. कोणी सेरा जेनने आकडा पूर्णांकात सांगितला असे मानतात, कोणी मॉड्रिनच्या कथेतील ब्रिगेडियरची स्मृती बिघडल्याकडे बोट दाखवतात, कोणी काळ पुन्हा लिहिला गेल्याचे म्हणतात. आमचे मत असे की, पर्ट्वी यांच्या कथा प्रक्षेपणाच्या वर्षातच घडतात असे मानून पाहावे. १९८० हे वर्ष तेवढे अडते, बाकी बहुतेक गोष्टी खपून जातात. हे मत सर्वमान्य नाही, याची जाणीव आहे.

मालिकेने स्वतः काय केले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. २००८च्या ‘द सोन्टारन स्ट्रॅटजेम’मध्ये दहावा डॉक्टर ‘युनिट’मधील आपल्या नोकरीविषयी सांगताना ते सत्तरचे दशक होते की ऐंशीचे, असा स्वतःलाच प्रश्न करतो. २०१३च्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’मध्ये ब्रिगेडियरची मुलगी केट ‘क्रोमर’ या सांकेतिक नावाची जुनी फाइल मागवते आणि ती सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकातील असेल, कोणती कालगणना धरायची त्यावर ते अवलंबून आहे, असे सहजपणे सांगते. तोवर या वादाला तीस वर्षे झाली होती.

५. डॉक्टरचे वय किती?

१९६७च्या ‘द टूम ऑफ द सायबरमेन’मध्ये दुसरा डॉक्टर साडेचारशेच्या आसपासचा आहे. तिसरा डॉक्टर मात्र ‘कित्येक हजार वर्षां’ची भाषा करतो. १९७८ साली चौथा डॉक्टर स्वतःचे वय ७५६ सांगतो आणि त्याची सहप्रवासी रोमाना ते लगेच दुरुस्त करून ७५९ करते. १९८७ साली सातवा डॉक्टर ९५३ वर्षांचा आहे. इतके झाल्यावर २००५ साली नववा डॉक्टर ९०० वर्षांचा असल्याचे सांगतो. अकराव्या डॉक्टरच्या कारकिर्दीत शेकडो वर्षे पडद्याआड उलटतात आणि बाराव्याला दोन हजार ओलांडून गेलेले असतात.

वय उतरण्याचा हा चमत्कार समजून घ्यायला गणिताची गरज नाही. ज्याचा प्रवास कोणत्याही ग्रहाच्या वर्षाला बांधलेला नाही, त्याने कोणत्या वर्षांत मोजावे? शिवाय पडद्यावर एक कबुलीच आहे. ‘द डे ऑफ द डॉक्टर’मध्ये अकरावा डॉक्टर बाराशे आणि काही असा आकडा सांगतो आणि वर म्हणतो की, वयाबाबत आपण खोटे बोलतो आहोत की नाही हेच आपल्याला आठवत नाही, इतके आपले वय झाले आहे. आमच्या लेखी हा प्रश्न तिथेच संपला. २०१५च्या ‘हेवन सेंट’मध्ये त्याने भिंत फोडण्यात घालवलेली साडेचार अब्ज वर्षे वयात धरावीत का, असे अजूनही विचारले जाते. धरू नयेत, कारण त्या काळात तो पुन्हा पुन्हा मरून पहिल्या दिवसापासून नव्याने घडत होता, आणि त्या अब्जावधी वर्षांची सलग आठवण असलेला एकही देह नव्हता.

६. कायापालटांची मर्यादा बाराची असताना डॉक्टर अजून जिवंत कसा?

मरणासन्न डॉक्टरचा देह पालटून नवा माणूस उभा राहणे, ही युक्ती १९६६ साली पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती ढासळली तेव्हा सुचली. तिला मर्यादा घातली ती रॉबर्ट होम्स यांनी, १९७६ सालच्या ‘द डेडली असॅसिन’मध्ये : बारा कायापालट, म्हणजे तेरा आयुष्ये. त्या कथेत ही अट डॉक्टरसाठी नव्हतीच. त्याचा शत्रू मास्टर आयुष्याच्या शेवटाला का पोहोचला आहे, याचे कारण म्हणून ती आली. टॉम बेकर तेव्हा चौथे डॉक्टर होते, तेव्हा तेरावा आकडा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

पळवाटही लवकरच निघाली. १९८३च्या ‘द फाइव्ह डॉक्टर्स’मध्ये टाइम लॉर्डांचे, म्हणजे डॉक्टरच्या जमातीचे, मंडळ मास्टरला नवे आयुष्यचक्र देऊ करते, म्हणजे ते देता येते हे सिद्ध झाले. २०१३ साली मालिकेचे तेव्हाचे मुख्य लेखक स्टीव्हन मोफॅट यांनी हिशेब अंगावर ओढवून घेतला. जॉन हर्ट यांनी साकारलेला योद्धा डॉक्टर मध्ये घातला, दहाव्या डॉक्टरने चेहरा न बदलता वापरलेला कायापालट त्यात धरला, आणि त्या वर्षीच्या नाताळात अकराव्या डॉक्टरला तेरावा व शेवटचा ठरवले. मग टाइम लॉर्डांनी आकाशातील भेगेतून त्याला नवे चक्र दिले. हिशेब चोख जमला.

राहता राहिला ५०७चा आकडा. ‘द सेरा जेन ॲडव्हेंचर्स’ या उपमालिकेत, २०१० साली, अकरावा डॉक्टर आपण ५०७ वेळा बदलू शकतो असे म्हणून जातो. ती थट्टा होती. ती गंभीरपणे घेणाऱ्यांची संख्या पाहता थट्टा फारच यशस्वी झाली, असे म्हणावे लागेल.

७. पहिल्या डॉक्टरच्या आधीही डॉक्टर होते का?

१९७६ सालच्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये डॉक्टर आणि मॉर्बियस हा बंडखोर टाइम लॉर्ड यांच्यात मनोबलाची झुंज होते. यंत्राच्या पडद्यावर चौथा, तिसरा, दुसरा, पहिला असे डॉक्टरचे चेहरे मागे मागे जातात आणि त्यानंतर आणखी आठ अनोळखी चेहरे येतात. ऐतिहासिक पोशाख चढवलेली ती मंडळी म्हणजे मालिकेचेच लोक होते : निर्माते फिलिप हिंचक्लिफ, पटकथा-संपादक रॉबर्ट होम्स, दिग्दर्शक ख्रिस्तोफर बॅरी वगैरे. हे डॉक्टरचे पूर्वीचे अवतार आहेत, हाच आपला हेतू होता, असे हिंचक्लिफ यांनी पुढे सांगितले आहे. परंतु १९८३ साली पहिला डॉक्टर स्वतःची ओळख ‘मूळचा’ अशी करून देतो, त्यामुळे ते चेहरे मॉर्बियसचेच असावेत, या सोयीस्कर समजुतीवर चाहत्यांनी चार दशके काढली.

१ मार्च २०२० रोजी ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ आला. डॉक्टरच्या विसरलेल्या अगणित आयुष्यांची कथा त्यात आहे, आणि स्मृतींच्या झोतात ते मॉर्बियसच्या वेळचे चेहरे पुन्हा दिसतात. या भागावर उलटसुलट मते आहेत. परंतु चव्वेचाळीस वर्षे कोणीही हात न लावलेल्या काही सेकंदांच्या चित्रणाला त्याने अर्थ दिला, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावे.

त्याच हंगामाने एक नवी अडचण मात्र उभी केली. जो मार्टिन यांनी साकारलेली विस्मृतीतली डॉक्टर पहिल्या डॉक्टरच्याही आधीची असेल, तर तिची टार्डिस, म्हणजे रूप बदलू शकणारे कालयान, पोलिसांना फोन करण्याच्या निळ्या पोलीस बॉक्सच्या रूपात कशी? मालिकेच्या अगदी पहिल्या कथेत, १९६३ सालचे लंडन सोडून अश्मयुगात उतरल्यावर, टार्डिसने रूप बदलले नाही म्हणून डॉक्टर आणि त्याची नात सूझन दोघेही चकित होतात. म्हणजे ते रूप तेव्हाच अडकले. यावर पडद्यावर समाधानकारक खुलासा आलेला नाही. टार्डिसला ते रूप आधीपासून आवडत होते, हा चाहत्यांचा तर्क गोड आहे, पण त्याला आधार नाही.

८. १९८५ सालचा दुसरा डॉक्टर इतका प्रौढ का दिसतो, आणि टाइम लॉर्डांच्या चाकरीत कसा?

दिसण्याचे कारण उघड आहे : पॅट्रिक ट्राउटन यांचे वय सोळा वर्षांनी वाढले होते. खरी मेख कथानकात आहे. १९६९च्या ‘द वॉर गेम्स’च्या अखेरीस टाइम लॉर्ड प्रथमच दिसतात. ते डॉक्टरवर खटला चालवतात, सहप्रवासी जेमी आणि झोई यांच्या स्मृती पुसून त्यांना घरी धाडतात आणि डॉक्टरला रूप बदलून हद्दपार करतात. परंतु ‘द फाइव्ह डॉक्टर्स’मध्ये हाच दुसरा डॉक्टर समोर आलेल्या जेमी आणि झोई या खोट्या प्रतिमा असल्याचे ओळखतो ते नेमके खऱ्यांच्या स्मृती पुसल्या गेल्या होत्या या आधारे. जी गोष्ट त्याच्या अंतानंतर घडली ती त्याला ठाऊक कशी? १९८५च्या ‘द टू डॉक्टर्स’मध्ये तर तो जेमीला बरोबर घेऊन टाइम लॉर्डांच्या कामगिरीवर निघालेला आहे.

चाहत्यांचे उत्तर असे : खटल्यानंतर शिक्षा लगेच अमलात आली नाही. टाइम लॉर्डांनी त्याला गुपचूप हाताशी धरले, काही वर्षे कामे करवून घेतली, आणि मग तिसरा डॉक्टर म्हणून पृथ्वीवर टाकले. सहाव्या आणि सातव्या हंगामांच्या फटीत बसतो म्हणून या काल्पनिक काळाला ‘हंगाम ६-ब’ म्हणतात. ‘द वॉर गेम्स’मध्ये ट्राउटन गरगरत अंधारात जातात आणि पर्ट्वी पुढच्या कथेत जंगलात कोसळतात, प्रत्यक्ष पालट तेव्हा पडद्यावर दाखवलाच नव्हता, म्हणून ही फट राहिली.

यातली खरी गंमत लेखकाची आहे. ‘द वॉर गेम्स’चे सहलेखक टेरन्स डिक्स, ‘द फाइव्ह डॉक्टर्स’चे लेखकही तेच. म्हणजे ही गफलत ज्यांची, त्यांनीच २००५ साली एका कादंबरीत चाहत्यांचा हा तर्क उचलून धरला आणि दुसऱ्या डॉक्टरला टाइम लॉर्डांचा हस्तक बनवले. डिसेंबर २०२४मध्ये ‘द वॉर गेम्स’ची रंगीत, संक्षिप्त आवृत्ती दाखवली गेली, तीत मात्र ट्राउटन यांचा थेट पर्ट्वी होताना दिसतो. ‘६-ब’वाल्यांनी याने हार मानलेली नाही, संक्षिप्त आवृत्तीला मूळ आवृत्तीइतके वजन द्यावे का, असा प्रतिप्रश्न त्यांनी तयार ठेवला आहे.

९. अटलांटिस एकूण किती वेळा बुडाले?

तीन वेळा. १९६७ साली एका माथेफिरू शास्त्रज्ञामुळे, १९७१ साली डीमन्सनी बुडवल्याचा उल्लेख आला म्हणून, आणि १९७२ साली क्रोनोस नावाच्या काळभक्षकामुळे. शेवटच्या दोन कथांत जेमतेम वर्षाचे अंतर आहे. निर्माते बॅरी लेट्स आणि पटकथा-संपादक टेरन्स डिक्स दोन्ही वेळी तेच, आणि दोन्ही कथांच्या लेखनात रॉबर्ट स्लोमन होते. तेव्हा आधीचे ठाऊक नव्हते, ही सबब इथे चालत नाही; त्यांना फिकीर नव्हती, एवढेच.

नेस सरोवरातील प्राण्याचेही असेच आहे. १९७५ साली तो झायगॉनांचा पाळीव यंत्रप्राणी होता, १९८५ साली बाराव्या शतकात फेकला गेलेला बोराड. सरोवर मोठे आहे, दोघेही मावतील.

१०. डालेक आणि सायबरमेन यांच्या उगमाच्या दोन-दोन कथा का?

डालेक आणि सायबरमेन हे डॉक्टरचे दोन जुने शत्रू. डालेकांच्या दोन्ही कथा त्यांचे जनक टेरी नेशन यांच्याच आहेत. पहिल्या कथेत स्कारो ग्रहावर थाल आणि डाल अशा दोन जमाती असतात आणि अणुयुद्धानंतर डालांचे डालेक होतात. १९७५च्या ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’मध्ये जमातीचे नाव कालेड आहे आणि डालेकांना डाव्हरॉस नावाचा शास्त्रज्ञ जाणूनबुजून घडवतो. सर्वांत सोपे स्पष्टीकरण त्या कथेतच आहे : टाइम लॉर्ड डॉक्टरला पाठवतात तेच मुळी इतिहास बदलण्यासाठी, आणि शेवटी आपण डालेकांची वाढ हजारेक वर्षे मागे ढकलली असल्याचे तो सांगतो. मग आधीची हकीकत जशीच्या तशी का राहावी?

सायबरमेनांबाबत मालिकेने स्वतःच तोडगा दिला आहे. १९६६ साली ते मोंडास ग्रहाचे होते, २००६ साली समांतर पृथ्वीवरील एका उद्योगपतीची निर्मिती. २०१७च्या ‘द डॉक्टर फॉल्स’मध्ये बारावा डॉक्टर मोंडास, टेलॉस, पृथ्वी, प्लॅनेट १४ आणि मॅरिनस ही नावे घेऊन सांगतो की, माणसे जिथे जिथे आहेत तिथे तिथे सायबरमेन निर्माण होतातच. प्लॅनेट १४ हा १९६८ सालच्या एका वाक्यातला, कधीही न पाहिलेला ग्रह. मॅरिनस हा १९६४ सालच्या एका कथेतला ग्रह, सायबरमेनांशी त्याचे नाते जोडले ते १९८७ सालच्या एका चित्रकथेने. एका वाक्यात किती जुने हिशेब मिटवता येतात, याचा हा उत्तम नमुना आहे.

११. एकच चेहरा वेगवेगळ्या पात्रांना कसा?

कलावंत पुन्हा घेतले जातात म्हणून. मालिका कधी त्याची दखल घेते, कधी घेत नाही. फ्रीमा अग्येमन यांचे २००६ सालचे पात्र, पुढे त्यांनीच साकारलेल्या सहप्रवासी मार्थाची चुलत बहीण ठरवले गेले. पीटर कपाल्डी २००८ साली पॉम्पेईतील गृहस्थ होते, आणि तो चेहरा बाराव्या डॉक्टरने का घेतला याचे २०१५ साली आलेले उत्तर खरोखर चटका लावणारे आहे : त्या कुटुंबाला वाचवले होते, तसे माणसांना वाचवायचे, याची स्वतःला आठवण राहावी म्हणून. कॉलिन बेकर मात्र १९८३ साली मॅक्सिल नावाच्या रक्षकाच्या भूमिकेत पाचव्या डॉक्टरवर गोळी झाडतात आणि पुढच्याच वर्षी स्वतः सहावे डॉक्टर होतात. यावर मालिकेने चकार शब्द काढलेला नाही. कपाल्डींचा न्याय इथे लावला तर डॉक्टरने आपल्याच मारेकऱ्याचा चेहरा घेतला, असा अर्थ निघतो, आणि सहाव्या डॉक्टरचा तापट स्वभाव पाहता तो अगदीच टाकाऊ नाही.

१२. डॉक्टर अर्धा मानव आहे का? आणि त्याला हृदये किती?

१९९६च्या दूरचित्रपटात आठवा डॉक्टर आईकडून आपण अर्धे मानव असल्याचे सांगतो. त्यापूर्वी वा त्यानंतर मालिकेने हे ठामपणे मानलेले नाही. हृदये दोन, पण ती १९७० साली प्रथम आढळली. १९६४ साली पहिल्या डॉक्टरला तपासताना त्याचे ‘हृदय’ ठीक असल्याचे इयन सांगतो. इयन विज्ञानाचा शिक्षक होता, वैद्य नव्हे. एकच बाजू तपासून त्याने हात काढून घेतला, असे समजावे.

१३. सेरा जेन डॉक्टरला मध्यंतरी भेटली होती की नाही?

‘द हँड ऑफ फिअर’मध्ये, १९७६ साली, चौथा डॉक्टर तिला निरोप देतो. ‘स्कूल रियुनियन’मध्ये, २००६ साली, दहावा डॉक्टर तिला सांगतो की, मागच्या भेटीनंतर आपण अर्धा डझन वेळा बदललो. चारातून दहा म्हणजे सहा, तेव्हा हिशेब १९७६चाच. मग १९८३च्या ‘द फाइव्ह डॉक्टर्स’मध्ये ती तिसऱ्या डॉक्टरबरोबर मृत्युक्षेत्रात भटकली आणि अखेरीस इतर डॉक्टरांसमोर उभी राहिली, त्याचे काय? काळातून उचलून आणलेल्यांच्या आठवणी परत जाताना विरतात, हा चाहत्यांचा तर्क इथे बराच सयुक्तिक आहे, कारण एरवी तिसऱ्या डॉक्टरलाही पुढचे सगळे आठवायला हवे होते.

१४. १९६३ सालाकडे परतणाऱ्या कथेत नेमक्या कोणत्या चुका आहेत?

‘रिमेम्ब्रन्स ऑफ द डालेक्स’ ही १९८८ सालची कथा मालिकेच्या जन्माच्या महिन्यात, पहिल्या भागातल्याच शाळेच्या परिसरात घडते. भंगारवाड्याच्या फाटकावरील नावातले एक अक्षर गळाले आहे. त्याहून मजेदार प्रसंग घरातला आहे. दूरचित्रवाणीवर निवेदक सव्वापाच वाजल्याचे सांगतो, शनिवारच्या कार्यक्रमांत आता एक नवी विज्ञानमालिका, असे म्हणत तिचे नाव उच्चारणार, एवढ्यात दृश्य तुटते. ती मालिका कोणती हे सांगायला नको. परंतु बाहेर लख्ख ऊन आहे, आणि लंडनमध्ये नोव्हेंबरअखेरीस चारच्या सुमारास सूर्य मावळतो.

मूळच्या पहिल्या भागाच्या पदरात मात्र एक नकळत साधलेला योगायोग आहे. लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या भागात सूझन वर्गात सांगते की, इथे दशमान चलन आहे असे तिला वाटले होते. वर्ग हसतो. ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले ते फेब्रुवारी १९७१मध्ये. दशमान पद्धतीची चर्चा तेव्हा सुरू होतीच, त्यामुळे लेखकाने हवेत तीर मारला असे नाही, पण तो लागला खरा.

१५. नायकाचे नाव ‘डॉक्टर हू’ आहे असे म्हणणे चूक आहे का?

१९६६च्या ‘द वॉर मशीन्स’मध्ये एक संगणक त्याला त्याच नावाने हाक मारतो, आणि १९८१पर्यंत श्रेयनामावलीतही तेच नाव होते. २००५ साली क्रिस्टोफर एकल्स्टन यांच्यासाठी ते परत आले आणि डेव्हिड टेनंट यांच्या विनंतीवरून पुन्हा ‘द डॉक्टर’ झाले. तेव्हा कोणी ‘डॉक्टर हू’ म्हटले तर लगेच अंगावर धावून जाण्याचे कारण नाही.

१६. सध्या कोणत्या विसंगतीवर सर्वाधिक चर्चा आहे?

३१ मे २०२५च्या ‘द रिॲलिटी वॉर’च्या शेवटच्या क्षणांवर. शुटी गाट्वा यांच्या डॉक्टरचा कायापालट होतो आणि समोर बिली पायपर उभ्या राहतात. या चेहऱ्याने २००५ साली डॉक्टरची सहप्रवासी रोझ टायलर म्हणून मालिकेत प्रवेश केला होता, आणि २०१३ साली ‘द मोमेंट’ या सजीव शस्त्राने तोच चेहरा उसना घेतला होता. श्रेयनामावलीत त्यांचे नाव ‘प्रथमच’ अशा अर्थाने येते, पण नेहमीप्रमाणे ‘द डॉक्टरच्या भूमिकेत’ असे पुढे लिहिलेले नाही. तिसऱ्या प्रश्नातील कसोटी लावायची, तर हे ओळखपत्राच्या नव्हे, कोटाच्या जातीचे दिसते.